उत्क्रांती आणि अंतःपरिवर्तन : फादर तेयार द शार्दँ यांच्या ग्रंथाचा परामर्श

विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आता विद्यापीठांतील पंडितांपुरता उरलेला नाही. दृढीकरणाच्या तयारीसाठी आमच्यापुढे बसणारी मुले शाळेत जीवाश्मांचा धडा शिकून आलेली असतात आणि त्याच आठवड्यात उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवसांचे वर्णन ऐकतात. त्यांतील एखादे मूल दोहोंचा ताळा कसा जमवावा असे विचारते, तेव्हा आम्हां धर्मगुरूंकडून व धर्मशिक्षकांकडून साधारणतः तीन प्रकारची उत्तरे मिळतात. उत्क्रांती हा नास्तिकांचा तर्क आहे, तिकडे लक्ष देऊ नये, हे पहिले उत्तर. विज्ञान शाळेत आणि धर्म ख्रिस्तमंदिरात, दोहोंची गाठ घालण्याचे कारण नाही, हे दुसरे. तिसरे उत्तर अलीकडच्या पिढीतील सुशिक्षित धर्मगुरूंच्या तोंडी अधिक आढळते : फादर तेयार द शार्दँ यांनी हा तंटा कायमचा मिटविला आहे, उत्क्रांतीचे शेवटचे टोक म्हणजे प्रभू ख्रिस्तच होय.

पहिल्या उत्तराने मूल शाळेवर तरी अविश्वास धरते किंवा आमच्यावर तरी. दुसऱ्याने त्याच्या मनाचे दोन कप्पे होतात, आणि काही वर्षांनी त्यांतील एक रिकामा पडतो. या दोहोंची अपूर्णता बहुतेकांना कळून चुकली आहे. तिसरे उत्तर मात्र इतके आकर्षक आहे की ते तपासून पाहावे असे फारसे कोणाला वाटत नाही. म्हणून ज्या ग्रंथावर ते उभे आहे, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. फ्रेंच भाषेतील हा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि १९५९ साली 'द फिनॉमेनन ऑफ मॅन' या नावाने इंग्रजीत आला. १९९९ साली त्याचे दुसरे व मुळाशी अधिक प्रामाणिक असे इंग्रजी भाषांतर निघाले. तरी आमच्या सेमिनरींच्या ग्रंथालयांत बहुधा जुनेच आढळते.

ग्रंथकार आणि ग्रंथ

पियेर तेयार द शार्दँ यांचा जन्म १८८१ साली फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतात झाला. १८९९ साली ते येशूसंघात दाखल झाले आणि १९११ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पहिल्या महायुद्धात त्यांनी हाती बंदूक न घेता जखमींना स्ट्रेचरवरून वाहून आणण्याचे काम केले व त्याबद्दल शौर्यपदके मिळविली. पुढे पुराजीवशास्त्रज्ञ म्हणून पॅरिसमध्ये अध्यापन करीत असता, मूळ पापाविषयी १९२२ साली लिहिलेले एक टिपण वरिष्ठांच्या हाती पडले. परिणामी अध्यापन सुटले आणि आयुष्याची सुमारे वीस वर्षे चीनमध्ये गेली. पेकिंगजवळच्या चौकौत्येन येथील ज्या उत्खननात १९२९ साली पेइ वेन्-चुंग या चिनी संशोधकाला आदिमानवाची प्रसिद्ध कवटी सापडली, त्या उत्खननाच्या शास्त्रीय मंडळात फादर तेयार होते.

आपल्या प्रदेशाशीही त्यांचा थोडा संबंध आला. १९३५ साली हेल्मुट डी टेरा या भूगर्भशास्त्रज्ञाच्या मोहिमेबरोबर ते उत्तर व मध्य भारतात फिरले आणि नर्मदेच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारांचे थर त्यांनी पाहिले. याच नर्मदेच्या काठी हथनोरा येथे १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. इंदूरकडील आमच्या धर्मशिक्षकांनी हे ध्यानी ठेवावे. आदिमानवाचा प्रश्न केवळ परदेशी पुस्तकांतून आलेला नाही; तो आपल्या नदीच्या गाळातही आहे.

प्रस्तुत ग्रंथ १९३८ ते १९४० या काळात, जपानी अंमलाखालील पेकिंगमध्ये लिहिला गेला. प्रकाशनाची परवानगी रोमने दिली नाही आणि ग्रंथकाराने ती आज्ञा जिवंत असेपर्यंत पाळली. १० एप्रिल १९५५ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर हा ग्रंथ जगापुढे आला.

ग्रंथाचे चार भाग आहेत : जीवनापूर्वीचे विश्व, जीवन, विचार आणि विचारापलीकडील जीवन. प्रत्येक वस्तूला जशी बाह्य बाजू आहे तशी आंतर बाजूही आहे, हे त्यातील पहिले सूत्र. द्रव्याची रचना जितकी गुंतागुंतीची होत जाते तितकी ही आंतर बाजू जागी होत जाते, हे दुसरे. परमाणूपासून पेशी, पेशीपासून प्राणी, प्राण्यापासून स्वतःला जाणणारा माणूस अशी ही चढण आहे. माणसाबरोबर पृथ्वीभोवती विचाराचा एक थर निर्माण झाला. पृथ्वी गोल असल्यामुळे तो थर आता स्वतःवरच दाटत चालला आहे. आणि या दाटण्याचा शेवट सर्व मानवजात एका परम केंद्रात एकवटण्यात होईल. त्या केंद्राला ते ग्रीक वर्णमालेतील शेवटच्या अक्षरावरून 'ओमेगा' म्हणतात. उपसंहारात हे केंद्र आणि ख्रिस्ती श्रद्धेचा प्रभू यांची भेट घडविली आहे.

ग्रंथाचे ऋण

दोष दाखविण्यापूर्वी ऋण मान्य करणे हे न्यायाचे होईल. फादर तेयार यांनी आम्हांला काळाचे भय घालविण्यास शिकविले. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षे, असे विज्ञान सांगते तेव्हा सामान्य भाविकाला वाटते की देव इतका दूर गेला, आणि माणूस इतका लहान झाला. त्या अफाट काळात देवाची अनुपस्थिती नव्हे तर त्याचा धीर पाहावा, ही दृष्टी या ग्रंथाने पुष्कळांना दिली. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिताना सर्व सृष्टी ख्रिस्ताच्या ठायी एकत्र राहते असे सांगितले, आणि रोमकरांस लिहिताना प्रसूतिवेदनांनी कण्हणाऱ्या सृष्टीचे चित्र रेखाटले. आमच्या प्रवचनांतून हे विश्वव्यापी ख्रिस्तदर्शन जवळजवळ लोपले होते. तारण म्हणजे एकेका आत्म्याला या जगातून सोडवून नेणे, एवढाच अर्थ उरला होता. तेयार यांनी ती विसरलेली पाने पुन्हा उघडली.

ख्रिस्तसभेची भूमिकाही येथे नेमकी सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी अर्धवट बोलले जाते. पोप बारावे पायस यांनी १९५० सालच्या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीचा विचार अभ्यासकांसाठी खुला ठेवला, मात्र आत्मा देवच प्रत्यक्ष निर्माण करतो हे निक्षून सांगितले. १९६२ साली रोमने तेयार यांच्या लिखाणाविषयी सावधगिरीची सूचना काढली आणि तीत सेमिनरींच्या प्रमुखांचा मुद्दाम उल्लेख केला. १९६८ साली, पुढे पोप झालेल्या योसेफ राट्झिंगर यांनी, जीवशास्त्राकडे झुकणारी त्यांची वृत्ती खटकत असली तरी पौलाच्या ख्रिस्तदर्शनाचा गाभा त्यांनी नव्या भाषेत पकडला, असा तोलून अभिप्राय दिला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली उत्क्रांतीचा सिद्धांत आता निव्वळ तर्कापेक्षा अधिक आहे असे मान्य केले. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या परिपत्रकात एका टिपेत तेयार यांच्या योगदानाचा उल्लेख आला, आणि २०१७ साली परमगुरूंच्या संस्कृतिविषयक परिषदेच्या सभेने १९६२ ची सूचना मागे घेण्याची विनंती केली. सारांश, तेयार हे पाखंडी नव्हेत आणि मंडळीचे आचार्यही नव्हेत. त्यांचा ग्रंथ वाचावा, परंतु डोळे उघडे ठेवून वाचावा.

विज्ञानाच्या कसोटीवर

ग्रंथाच्या प्रस्तावनेत लेखक म्हणतात की हे लिखाण तत्त्वज्ञान किंवा धर्मशास्त्र म्हणून नव्हे, तर केवळ शास्त्रीय निबंध म्हणून वाचावे. आमच्या मते ग्रंथाची पहिली अडचण याच विधानात आहे. १९६१ साली 'माइंड' या नियतकालिकात पीटर मेडावर या जीवशास्त्रज्ञाने अतिशय कठोर परीक्षण लिहून या दाव्याचा समाचार घेतला. त्याची भाषा निष्ठुर होती. त्यातील उपहास आम्हांला मान्य नाही. परंतु त्याचा मुख्य आक्षेप टाळता येत नाही. वस्तूंना एकमेकींशी जोडणारी आणि वस्तूंना अधिक जटिलतेकडे ओढणारी, अशा दोन प्रकारच्या ऊर्जा तेयार मानतात. त्यांतील दुसरी कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही, आणि ती नसती तर काय वेगळे दिसले असते हेही सांगता येत नाही. जे मोजता येत नाही ते असत्य ठरत नाही, हे खरे. परंतु त्याला शास्त्रीय निबंध म्हणणे योग्य नव्हे.

दुसरी गोष्ट चढणीची. जीवसृष्टीचा इतिहास तेयार यांना वर चढणाऱ्या बाणासारखा दिसतो. आजचे जीवशास्त्र असा बाण मानीत नाही. नैसर्गिक निवड त्या त्या परिस्थितीला अनुकूल ते टिकविते. ते अधिक जटिल असेलच असे नाही. सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्मजीव साधे राहूनच आजतागायत पृथ्वी व्यापून आहेत. गुहेतील मासे डोळे गमावतात, परोपजीवी कृमी अवयव गमावतात, आणि तीही उत्क्रांतीच होय. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या महासंहारात समुद्रातील बहुसंख्य जाती नष्ट झाल्या. त्या कमी जटिल होत्या म्हणून नव्हे. उलट बाजूही नमूद करावी. थिओडोसियस डोबझान्स्की हे विसाव्या शतकातील थोर आनुवंशिकीतज्ज्ञ आणि श्रद्धावंत ख्रिस्ती होते. तेयार यांच्याविषयी त्यांना आदर होता. डोळ्यासारखा अवयव वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उत्पन्न झाला, यावरून उत्क्रांतीच्या वाटा अगदीच मोकाट नाहीत, असे केंब्रिजचे सायमन कॉनवे मॉरिस यांनी २००३ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. मात्र वाटा मर्यादित आहेत याचा अर्थ त्या सर्व ओमेगाकडे जातात असा होत नाही.

म्हणून 'विज्ञानाने ख्रिस्त सिद्ध केला' हे वाक्य व्यासपीठावरून कधीही उच्चारू नये. उद्या ते विज्ञान बदलले तर ऐकणाऱ्याच्या मनात ख्रिस्तही बदलतो. संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना हाच इशारा दिला होता : आकाश, पृथ्वी व प्राणी यांविषयी ज्यांना पुरते ज्ञान आहे त्यांच्यापुढे ख्रिस्ती मनुष्य पवित्र शास्त्राच्या नावाने अज्ञान मिरवू लागला, तर ते लोक पुनरुत्थानाविषयीचा त्याचा शब्द तरी कशाला मानतील?

मराठीत मांडताना

मराठीतून शिकविणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. तिची चर्चा युरोपीय टीकाकारांत सापडणार नाही. तेयार यांच्या 'जाणीव' या संकल्पनेला आपल्याकडे सहजच 'चैतन्य' हा शब्द वापरला जातो. दगडातही अंधुक जाणीव आहे, असे मूळ विधान मग 'दगडातही चैतन्य आहे' असे होते. हे ऐकणाऱ्या मराठी माणसाला त्यात नवे काहीच वाटत नाही. कीर्तनांतून व वेदान्ताच्या परंपरेतून हे वाक्य त्याच्या परिचयाचेच आहे. त्याला ऐकू येते ते इतकेच की सर्वत्र एकच ब्रह्म भरलेले आहे आणि ख्रिस्त हे त्याचे एक नाव आहे. तेयार यांना हे अभिप्रेत नव्हते. एकत्व हे व्यक्तीला विरघळवीत नाही, खरे प्रेम व्यक्तीला अधिकच व्यक्ती बनविते, यावर त्यांचा फार भर आहे. तो भर भाषांतरात हरवू नये म्हणून 'आंतर बाजू' किंवा 'जाणीव' असे साधे शब्द वापरणे आम्हांला इष्ट वाटते.

याच संदर्भात श्री अरविंदांचे नाव येते. १८९३ ते १९०६ या काळात ते बडोदा संस्थानच्या सेवेत होते, त्यामुळे वडोदऱ्याच्या मराठी मंडळींना ते परके नाहीत. जड, प्राण, मन आणि मनापलीकडील अतिमानस अशी त्यांची चढण आणि तेयार यांची चढण यांत विलक्षण साम्य दिसते. आर. सी. झेनर यांनी १९७१ साली या दोघांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. संवादासाठी हे साम्य मोलाचे आहे. मात्र दोघांतील भेद झाकून संवाद होत नाही. तेयार यांचा ओमेगा हा शेवटी एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट गावी जन्मलेल्या व क्रुसावर मारल्या गेलेल्या पुरुषाशी जोडलेला आहे; तो जोड काढला तर ख्रिस्ती असे त्यात काहीच उरत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापून काढले तेव्हा त्यांनीही श्रोत्यांच्या ओळखीचे रूप घेतले, पुराणाचे व ओवीचे. परंतु त्या रूपातून त्यांनी सृष्टीपासून क्रुसापर्यंतची कथा सांगितली. क्रूस गाळून पुराण उरविले नाही. नव्या ज्ञानाच्या भाषेत सुवार्ता सांगू पाहणाऱ्या प्रत्येकाला हीच कसोटी लागू आहे.

वाढ आणि पालट

आता मुख्य मुद्दा. मानवाचे परिवर्तन कसे होते? तेयार यांच्या ग्रंथात ते एका दीर्घ वाढीचे पुढचे पाऊल आहे. ज्या ओघाने परमाणूंची पेशी झाली, त्याच ओघाने माणसांची एकात्म मानवता होईल. ग्रंथकार प्रामाणिक आहेत. शेवटी माणूस नकारही देऊ शकेल, चांगुलपणाबरोबर दुष्टपणाही वाढत जाऊन मानवजात दुभंगू शकेल, ही शक्यता ते नोंदवितात. तरीही ग्रंथाचा सारा भार वाढीवर आहे. पाप, क्लेश व मृत्यू यांचा विचार मुख्यतः शेवटी जोडलेल्या १९४८ सालच्या छोट्या टिपणात येतो. वाढीच्या मार्गात अव्यवस्था, अपयश आणि झीज ही अपरिहार्य आहेत, असे तेथे म्हटले आहे. याहून अधिक असे काही दुष्टत्व जगात आहे काय, हा प्रश्न ते धर्मशास्त्रज्ञांवर सोपवितात. ज्या प्रश्नापासून सुवार्तेचा आरंभ होतो तो येथे परिशिष्टात गेला आहे.

प्रभू येशूच्या उपदेशाचा पहिला शब्द वाढीचा नाही, पालटाचा आहे. मार्काच्या शुभवर्तमानातील त्या ग्रीक शब्दासाठी मराठीत 'पश्चात्ताप' रूढ झाला. त्यात मागाहून होणाऱ्या तापाची, हळहळीची छटा अधिक आहे. मूळ शब्दात मन फिरण्याचा, तोंड दुसऱ्या दिशेला वळण्याचा भाव आहे. संत पौल रोमकरांच्या बाराव्या अध्यायात आणखी एक क्रियापद वापरतो. पर्वतावर प्रभूचे रूपांतर झाले त्या प्रसंगी मत्तय व मार्क तेच वापरतात. तेथे व्याकरण लक्षात घेण्यासारखे आहे. ती आज्ञा आहे, परंतु कर्मणी रूपातील आज्ञा आहे : तुमचे रूपांतर होऊ द्या. ते आपोआप घडत नाही म्हणून आज्ञा, आणि माणूस स्वतः ते घडवू शकत नाही म्हणून कर्मणी. निसर्गाचा ओघ आणि माणसाचा पराक्रम, या दोहोंहून वेगळी अशी ही तिसरी गोष्ट आहे. तिलाच आम्ही कृपा म्हणतो.

जक्कयाचे उदाहरण घ्यावे. व्यवहार, हिशेब आणि संघटन या बाबतींत तो यरीहोतील पुढारलेला गृहस्थ होता. त्याच्या वाढीचे पुढचे पाऊल म्हणजे अधिक मोठा जकातदार होणे. लुबाडलेल्यांना चौपट परत देणे हे त्या ओळीत कोठेच बसत नाही. क्रुसावरील चोराचे उदाहरण त्याहून स्पष्ट आहे. त्याच्यापाशी वाढण्यासाठी काळच उरला नव्हता. तरीही त्याच दिवशी त्याला सुखलोकाचे वचन मिळाले.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. विसाव्या शतकात ज्या समाजात विद्यापीठे, रसायनशास्त्र, रेल्वे आणि कारभार यांची जटिलता शिगेला पोचली होती, त्याच समाजाने माणसे मारण्याचे कारखाने उभारले. १९४६ साली अणुबाँबवर लिहिताना तेयार यांचे लक्ष हिरोशिमाच्या मृतांपेक्षा शास्त्रज्ञांच्या सामूहिक यशाकडे अधिक होते. प्रस्तुत ग्रंथातही मानववंशाच्या शास्त्रीय सुधारणेची एक उदात्त रीत शोधली पाहिजे, असा विचार येतो. हेतू क्रूर नव्हता याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु ज्याच्या हाती जटिलतेचे माप आहे, त्याच्या मापात मतिमंद मूल कोठे बसते? स्मृती गेलेली वृद्धा कोठे बसते? आमच्या धर्मग्रामांत अशी माणसे आहेत, आणि त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणे हे आमचे काम आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात त्या मुलाचे जे झाले ते त्याच्या मेंदूच्या रचनेवर अवलंबून नव्हते. परिवर्तन म्हणजे वाढ, असे एकदा शिकविले की जे वाढू शकत नाहीत त्यांना आपण सुवार्तेच्या बाहेर ठेवतो. या कारणासाठी हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ सालच्या 'गौदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. ऐहिक प्रगती आणि ख्रिस्ताच्या राज्याची वाढ यांत काळजीपूर्वक भेद करावा. तथापि मानवी समाजाच्या चांगल्या व्यवस्थेशी त्या राज्याला कर्तव्य आहे, हेही विसरू नये. भेद आणि संबंध, दोन्ही. तेयार यांच्या ग्रंथात संबंध तेजस्वी आहे, भेद फिकट झाला आहे.

त्यावरचा उतारा खुद्द तेयार यांच्याच दुसऱ्या पुस्तकात आहे. 'ल मिलिय दिव्हँ' हे त्यांचे आध्यात्मिक पुस्तक १९२६-२७ साली लिहिले गेले आणि १९५७ साली प्रसिद्ध झाले. त्यात माणसाची कृती जितकी आहे तितकेच त्याचे सोसणेही आहे : आजार, वार्धक्य, अपयश आणि शेवटी मृत्यू. देव माणसात प्रवेश करू शकावा म्हणून माणसाला रिते व्हावे लागते, हे तेथे त्यांनी अत्यंत नम्रपणे लिहिले आहे. खंदकांतून जखमींना वाहणारा याजक तेथे बोलतो. गव्हाचा दाणा मातीत पडून मरतो तेव्हाच पीक येते, हे त्याला ठाऊक आहे. ज्यांनी पहिला ग्रंथ वाचला आहे त्यांनी हा दुसरा वाचल्यावाचून तेयार यांच्याविषयी बोलू नये, अशी आमची विनंती आहे.

आणखी एक याजक

तुलनेसाठी त्याच काळातील दुसऱ्या एका याजकाकडे पाहावे. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र हे गणिती होते. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली मांडले आणि १९३१ साली विश्वाच्या आरंभीच्या आद्य अणूची कल्पना पुढे केली. आज ज्याला महास्फोटाचा सिद्धांत म्हणतात त्याचे ते एक जनक होत. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढील भाषणात हा नवा सिद्धांत निर्मितीच्या श्रद्धेला पुष्टी देतो, असा सूर लावला. कोणालाही वाटेल की लमेत्र यांना आनंद झाला असेल. प्रत्यक्षात ते अस्वस्थ झाले. त्यांच्या मते हा सिद्धांत श्रद्धेच्या प्रश्नाबाहेरचा होता; नास्तिकालाही तो मानता यावा आणि श्रद्धावंतालाही. १९५२ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे पोप बोलले तेव्हा तो सूर पुन्हा ऐकू आला नाही.

लमेत्र यांनी विज्ञान आणि प्रार्थना यांना दोन कप्प्यांत कोंडले असे म्हणता येणार नाही. दोन्ही वाटांनी सत्याकडे जावे, असा त्यांचा निश्चय होता. मात्र एका वाटेवरचे ओझे दुसरीवर टाकू नये, एवढी शिस्त त्यांनी पाळली. तेयार यांची झेप आणि लमेत्र यांची शिस्त, या दोहोंची आम्हांला गरज आहे. त्यांतून एकच निवडावयाचे झाले तर शिकविणाऱ्याने शिस्त निवडावी, कारण त्याच्या चुकीची किंमत ऐकणाऱ्यास द्यावी लागते.

वर्गात आणि व्यासपीठावर

मग प्रश्न विचारणाऱ्या मुलाला काय सांगावे? आमच्या मते प्रथम हे सांगावे की शाळेत शिकविले ते खरे आहे, आणि ते मन लावून शीक. माणसाचा देह जीवसृष्टीच्या दीर्घ इतिहासातून आला, हे मानण्यास ख्रिस्तसभेची आडकाठी नाही. मातीतून घडविलेल्या माणसाविषयी पवित्र शास्त्र जे सांगते ते याहून उणे नाही : आपण मातीचेच आहोत, आणि आपल्यात जो श्वास आहे तो मातीचा नाही. मग सांगावे की उत्पत्तीचे पहिले पान काळाचे वेळापत्रक देण्यासाठी लिहिलेले नाही. सूर्य व चंद्र हे देव नसून देवाने लावलेले दिवे आहेत, हे ते अशा लोकांना सांगत होते ज्यांच्या शेजारी सूर्यचंद्राची पूजा चालत असे.

दुसऱ्या शतकातील संत इरेनेयस यांची शिकवण येथे फार उपयोगी पडते. आदाम हा प्रथम पूर्ण वाढलेला नव्हता, बालकासारखा होता. त्याला देवाच्या प्रतिमेकडून देवाच्या सदृशतेकडे वाढावयाचे होते, असे ते म्हणतात. म्हणजे वाढीची कल्पना ख्रिस्ती परंपरेला परकी नाही. परंतु त्याच इरेनेयस यांच्या मते ख्रिस्ताने सारा मानवी इतिहास स्वतःत पुन्हा गोळा केला, आणि आदामाची वाट जेथे चुकली होती तेथून ती वळवून घेतली. वाढीचे वाहन चुकीच्या दिशेला लागले असेल तर वेग वाढवून उपयोग नाही. कोणीतरी ते वळवावे लागते.

विज्ञान आम्हांला हे सांगू शकते की पश्चात्ताप करू शकणारा प्राणी या पृथ्वीवर कोणत्या वाटेने आला. त्या प्राण्याच्या वतीने पश्चात्ताप करणे विज्ञानाला शक्य नाही, आणि उत्क्रांतीलाही नाही. दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या बापाला, भावाशी वीस वर्षे बोलणे टाकलेल्या शेतकऱ्याला, विचाराच्या थराची घनता वाढत आहे हे सांगून काही होत नाही. आज वळता येते, आणि वळविणारा जवळ आहे, हे त्यांना सांगावे लागते. आमच्या धर्मशिक्षकांनी फादर तेयार यांच्याकडून सृष्टीकडे आश्चर्याने पाहण्याची नजर जरूर घ्यावी, आणि ती घेऊन पुन्हा त्या बापाच्या व त्या शेतकऱ्याच्या दारी जावे.